धुराड्यातला गोळा

विषारी धुरालाही अडवणारं कुणीतरी असायचं, तेव्हाची गोष्ट. एका भट्टीच्या धुराड्यात ॲल्युमिनाच्या, म्हणजे चिनीमातीसारख्या, खडबडीत फरशीवर प्लॅटिनमच्या कण्या दूर दूर बसलेल्या असत. नायट्रोजन आणि ऑक्सिजन गळ्यात गळे घालून, विष होऊन येत. कण्या त्यांना अंगावर ओढून अलग करत, की साधी हवा होऊन ते वर जात. वर साळुंकीचं घरटं होतं. सगळ्यांत धाकटी कणी पिल्लांचा कलकलाट ऐकत राबायची.

एकदा भट्टी भलतीच भडकली. कण्यांचा जीव कासावीस झाला. थोरली म्हणाली, “या गं, मला येऊन चिकटा. एकीचं बळ मोठं!”

“पोरींनो, जागा सोडू नका,” फरशी कळवळून म्हणाली. “तुमचं काम अंगावर होतं, पोटात नाही.”

पण भ्यालेल्या कण्या घसरत गेल्या. धाकटीही गेली. बघता बघता त्यांचा एक झळझळीत गोळा झाला आणि धाकटी त्याच्या पोटात गाडली गेली. गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला उरलेल्या चार कण्यांना धूर आवरेना. तो आला तसाच वर गेला.

एकेक करून पिल्लं गप्प झाली.

“मला बाहेर जाऊ द्या गं!” धाकटी ओरडली.

“तू कोण?” चहूकडून एकच आवाज आला. “इथे आता मी एकटीच आहे.”