सड्याकडे तोंड करून

कुंभेरीच्या ग्रामदेवीला कौल लावायचा असला की गावकरी आधी देवीकडे पाठ करतात आणि समोरच्या डोंगरावरच्या सड्याकडे, त्या उघड्या कातळाच्या पठाराकडे, बघत उभे राहतात. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. हा कसला उद्धटपणा, असंही कोणी बोलून जातं. बोलू द्यावं. त्यांना पुतळा नावाच्या बाईची गोष्ट ठाऊक नसते.

फार पूर्वी, असं सांगतात, गावचा एकुलता झरा ऐन थंडीतच आटला. गाव गाऱ्हाणं घालायला देवळात निघालं, पण पोचेपर्यंत खापर कोणावर फोडायचं ते ठरूनही गेलं होतं. पुतळा त्याच साली विधवा होऊन माहेरी आली होती. आईबाप मागेच गेलेले, बाजू घेणारं कोणी नाही. मग सोपंच झालं. धाकू गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "माऊली, हिका सड्यार धाडू काय न्हयपलीकडे?"

बिचारी देवी तरी काय करणार! काहीही पडलं तरी पुतळाला जायचंच होतं. डावी पडली तर नदीपलीकडे, उजवी पडली तर सडा. उजवी पडली. पुन्हा गावात पाऊल टाकायची बंदी घालून, बरोबर थोडं भात देऊन तिला वर सोडून आले.

सड्यावर झाड नाही, आडोसा नाही. संध्याकाळी खाली चुलींचा धूर दिसायचा. त्यातली एकही चूल आपली नाही, या विचाराने तिचा जीव कासावीस व्हायचा. माणसाचा आवाज कानी पडावा म्हणून ती स्वतःशीच मोठ्याने बोलायची म्हणे. असंच बोलता बोलता तिच्या तोंडून एकदा निघालं, पाणी गेलं तरी कुठे? गावाने कोणामुळे गेलं एवढंच विचारलं होतं.

सड्यावरच्या तळ्याच्या कडेला तिला एक भोक सापडलं. भात कांडून उरलेलं तूस तिने त्यात टाकलं आणि डोंगराच्या पलीकडच्या घळीत उतरून बघितलं. तूस तिकडून बाहेर येत होतं. तळ्यातून गावच्या झऱ्याला झिरपणारं पाणी उलट्या बाजूने वाहून चाललं होतं.

आता भोक बुजवलं तर गावाला पाणी मिळणार होतं. पण अवदसा गेली आणि पाणी आलं, असंच सगळे म्हणणार आणि आपली परतीची वाट कायमची बंद होणार, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. ती दिवसभर तळ्याकाठी बसून रडली, असं सांगतात. मग तिने दगड आणि चिकणमाती गोळा केली.

झरा वाहू लागला. गावाने देवीची ओटी भरली आणि अगदी तसंच म्हटलं.

पुढे हरवलेली गाय शोधत धाकू सड्यावर आला. त्याने दगडमातीने बुजवलेलं ते भोक पाहिलं, पुतळाचे सोललेले हात पाहिले आणि झरा कोणी आणला ते त्याला कळलं. देवीला घातलेला तो प्रश्न त्याच्याच तोंडचा होता. दुसऱ्या दिवशी तो सगळ्या गावाला घेऊन तिला न्यायला आला. पुतळा उठली नाही.

"पाणी इला ना? मग झाला," ती म्हणाली. "माका आधी कोणी इचारूक नाय."

ती सड्यावरच राहिली आणि तिथेच एकटी गेली.

आजही ज्याच्याविषयी कौल लावायचा, त्याला आधी मंडपात बोलावून त्याचं ऐकून घेतात. पण त्याच्याही आधी गुरव सड्याकडे तोंड करून मोठ्याने विचारतो, "पुतळा बाय, तुझा म्हणणा काय?" माणसाला उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ सगळे गप्प उभे राहतात.