पाठीवरचे सात बाण

ऐका, लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही. फार फार पूर्वी नदीकाठच्या एका राज्यात एक अजब रीत होती. लढाई संपली की राजवैद्य मेलेल्या शिपायांच्या जखमा पाहायचा. जखम छातीवर असली, तर राजा घरच्यांना सोन्याचं पदक द्यायचा. पाठीवर असली, तर गडी पळताना मेला असं धरून दरबारात त्याचं नावही घेत नसत. या रीतीत डोकं चालवावं लागत नसे, म्हणून ती सगळ्यांना आवडायची.

एकदा सकाळी दाट धुक्यात शत्रू चालून आला. गावकरी नावेतून पैलतीराला निघाले. दोन्ही काठांवरच्या खुंट्यांना एक जाड दोर बांधलेला होता, तो धरून नाव ओढत न्यायची. शेवटच्या नावेत बाया, म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं होती. अलीकडच्या काठावर राखणीला सिदोजी नावाचा एकटाच शिपाई उरला होता.

नाव सुखरूप पोचली. दोन दिवसांनी शत्रू हरला आणि त्याच काठावर सिदोजीचं प्रेत सापडलं. पाठीत सात बाण होते.

"पळाला बिचारा," वैद्य म्हणाला, आणि विषय संपला.

पण सिदोजीची बायको राही आपल्या लेकीला घेऊन दरबारात आली.

"महाराज, मला सोनं नको. पण गावातली पोरं माझ्या लेकीला पळपुट्याची पोर म्हणतात, ते ऐकवत नाही. ह्यांना शेवटची अंघोळ घालताना मी तळहात पाहिले. कातडं पार सोललं होतं. पळणाऱ्याचे हात असे सोलतात होय?"

वैद्याने पाठ पाहिली होती, तळहात पाहायचं त्याला सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात दरबारात उभ्या केलेल्या कैद्यांच्या रांगेतून शत्रूचा एक तिरंदाज पुढे आला.

"महाराज, ते सातही बाण माझे. मी वीस पावलांवर होतो. ओल्या मातीतून खुंटा उखडून आला, तशी याने तलवार फेकली आणि दोर दोन्ही हातांनी धरला. नदीकडे तोंड करून, दगडाला पाय लावून बसला. मी बाण मारत होतो, पण हा एकदाही मागे वळला नाही. पैलतीरावरून 'पोचलो' अशी हाक आली, तेव्हा कुठे त्याने दोर सोडला. असा माणूस मी आमच्यात पाहिला नाही, तुमच्यातही दुसरा पाहिला नाही."

त्या नावेतली एक म्हातारी दरबारातच होती. "अगं बाई!" ती म्हणाली, "मधेच दोर सैल पडला होता खरा. नाव वाहायला लागली, आणि लगेच दोर पुन्हा ताठ झाला. धुक्यात काही दिसेना. आम्ही म्हटलं, देव पावला."

राजा सिंहासनावरून उतरला. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने पदक लेकीच्या गळ्यात घातलं आणि म्हणाला, "पोरी, आम्ही तुझ्या बापाची पाठ पाहिली. तोंड कुणाकडे होतं, ते पाहिलं नाही. चूक माझी आहे."

त्या दिवशी ती रीत मोडली. तिरंदाजाच्या बेड्या तोडल्या. नावाड्यांनी काठावरच्या खडकात नवा खुंटा रोवला, आणि दोर धरण्याआधी प्रत्येकजण सिदोजीचं नाव घेऊ लागला.

तात्पर्य : घाव कुठे बसला यावरून नव्हे, तो कुणासाठी सोसला यावरून शौर्य ओळखावं.