थोरलीचा उंबरा

एका राज्यात राजाचा हुकूम वेशीपर्यंत चाले. राजवाड्याच्या उंबऱ्यावर मात्र एका मांजरीचा चाले. राखाडी, एक कान तुटलेली ती मांजर. तिला सगळे थोरली म्हणत आणि अहोजाहो करत. तिने हुंगून वाट दिली, तो घरचा. तिने पाठ फिरवली, की त्या जिवाची आधी सावली जाई, मग आवाज, मग तो स्वतः.

नवी राणी कुमुदिनी लग्न होऊन आली, तेव्हा थोरलीने तिला हुंगले, मग ती शिंकली आणि बाजूला सरली.

"शिंक म्हणजे होकार की नकार?" राणीने विचारले.

"सावली आहे ना जागेवर? मग झालं तर," राजा अरिंजय म्हणाला. त्या घराण्यात धीर असाच देत.

एकदा राणीला केवड्याच्या बनात मांजराचे एक पिवळे पिल्लू सापडले. पदरात घेऊन ती उंबऱ्याशी आली. थोरलीने पाहिले आणि पाठ फिरवली. पिल्लाची सावली पाण्याने पुसलेल्या रांगोळीसारखी गेली. त्याला बाहेर देवडीतच ठेवावे लागले.

देवडीत पिंजरा होता, पिंजऱ्यात साळुंकी. ती बोलली, "राणी, तीन गोष्टी कर. एकीचा वास दुसरीला दे. बंद दाराच्या अलीकडे-पलीकडे दोघींना जेवू घाल. मग दार उघड आणि नातं सांग. नातं चुकलं, तर पिल्लू गेलं."

"कुठलं नातं?"

"ते कळत असतं, तर मी पिंजऱ्यात बसले असते का?"

राणीने पिल्लाला पुसलेले फडके थोरलीच्या गादीवर ठेवले आणि थोरलीचे पिल्लाखाली. थोरलीने ते मोरीपर्यंत ओढत नेले. मग पुन्हा आणून, तोंड फिरवून त्यावरच झोपली.

दुसऱ्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना दूधभात मांडला. अलीकडून गुरगुर आली, पलीकडून मचमच. भिंतीच्या आतूनही कुणीतरी जेवत असल्याचा आवाज आला. राणीने तिकडे पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तिने दार उघडले आणि हात जोडून म्हणाली, "थोरलीबाई, ही तुमची धाकटी."

समया निळ्या झाल्या. थोरलीची सावली भिंतीवर उंच उंच चढली. त्या सावलीच्या नाकात नथ होती. पिल्लाने तोंड उघडले. आवाज आला नाही.

"अगं, काय बोललीस!" साळुंकी किंचाळली. "ही राजाच्या पणजोबांची थोरली राणी. त्यांनी धाकटी आणली, हिने दार अडवलं. मांत्रिकाने हिला मांजर करून दारातच बसवलं, म्हणाला, आपणहून कुणाला आत आणशील तेव्हा सुटशील. हिने पहिली पाठ फिरवली ती त्या धाकटीकडेच. या घरात धाकटी म्हणजे सवत!"

"आधी नाही सांगितलंस!"

"आधी तू नातं विचारलंस. गोष्ट कुठे विचारलीस?"

पिल्लाच्या अंगातून आता फरशी दिसू लागली होती. राणी उंबऱ्याबाहेर, पिल्लाशेजारी खाली बसली. या घरात तिला सूनबाई म्हणत, राणीसरकार म्हणत. तिला कुमू म्हणून हाक मारणारे कुणी नव्हते.

"चुकलं माझं," ती हळूच म्हणाली. "ही सवत नाही, सूनही नाही. हिला आई नाही. तुमच्याकडे माहेरपणाला आणलीय. जमेल का?"

थोरली उठली. तिने पिल्लाची मानगूट दातांत धरली. थोरलीने पिल्लू उचलले, उंबरा ओलांडून आत ठेवले आणि त्याचे कपाळ चाटू लागली, खसाखसा, प्रवासातून आलेल्या लेकीची वेणी सोडावी तशी.

समया पिवळ्या झाल्या. पिल्लू खणखणीत ओरडले आणि आपल्याच सावलीला बिचकले. पिंजऱ्याचे दार उघडले. भिंतींमधून आजवर नाहीसा झालेला एकेक माणूस डोळे चोळत बाहेर आला आणि आपापल्या वाटेला लागला. शेवटी आली हिरव्या शालूतली एक पोर. उंबऱ्यापाशी येऊन ती थबकली.

मांजरीच्या जागी एक म्हातारी राणी बसली होती. तिने पोरीकडे बराच वेळ पाहिले. मग पिल्लाला मांडीवर घेऊन शेजारी जागा केली.

"आत ये," ती म्हणाली. "केवढी वाळलीस गं."