मुंगीचा गूळ कुठे अडला?

ऐका हं. खोटं वाटलं तर मुंगीला विचारा.

एक होती मुंगी. मंगळवार आला, की ती बाजारात जायची. तुरुतुरु तुरुतुरु. भागाकाकू गुळाची ढेप फोडायच्या. पहिला कण मुंगीचा. ठरलेलंच.

एका मंगळवारी काय झालं? बाजार रिकामा. ढेप नाही. कण नाही.

"काकू, काकू, माझा गूळ द्या."
"गाडी येईना, गूळ मिळेना."
"का बरं?"
"गाडीवाल्या धोंडूमामांना विचार."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"मामा, मामा, गाडी आणा. गाडी येईना, गूळ मिळेना."
"चाक मोडलंय बाई."
"का बरं नीट होईना?"
"म्हादू सुताराला विचार."

मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"दादा, दादा, चाक करा. चाक होईना, गाडी येईना, गूळ मिळेना."
सुतारदादांनी अंगठा दाखवला. सुजलेला. टम्म!
"अंगठा वाकेना. नर्सताई आल्या, तर बरा होईल."

मुंगी अंगठ्याभोवती फिरली. एवढासा अंगठा. एवढा मोठा बाजार. अंगठ्यानं अडवला?

"ताईंना बोलावलं का?"
"बोलावलं असेल कुणीतरी."

ताईंचा दवाखाना नदीपलीकडे. मुंगी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. काठावर होडीवाले नागूकाका पेंगत होते.

"काका, काका, ताईंना आणा. ताई येईनात, अंगठा वाकेना, चाक होईना, गाडी येईना, गूळ मिळेना."
"ताईंनी पलीकडून हाक मारली, की होडी सोडतो. अशी रीत आहे."
"पण ताईंना कळलंय का?"
"कळवलं असेल कुणीतरी."

काकांनी डोळे मिटले.

मुंगीनं हाक मारली, "नर्सताई!" हाक गेली गवताच्या पहिल्या पात्यापर्यंत. तिथंच बसली.

मग मुंगी चढली. काकांच्या पायावर. पोटावर. मिशीवर. आणि नाकात!

"आ... आ... आक्छी!"

नदी हलली. बगळे उडाले. पलीकडे ताईंच्या हातातली कपबशी वाजली.

ताई म्हणाल्या, "बाप रे, नागूभाऊंना सर्दी." त्यांनी पिशवी घेतली. काठावर येऊन हाक मारली, "नागूभाऊ, होडी आणा हो!"

होडी निघाली. चुबुक चुबुक. ताई आल्या. काकांचं नाक तपासलं. नाक ठणठणीत.

"मग आजारी कोण?"
"अंगठा," मुंगी म्हणाली.

सगळे सुतारदादांकडे गेले. "मला कुणी कळवलं का नाही?" ताईंनी विचारलं. सुतारदादांनी काकांकडे पाहिलं. काकांनी सुतारदादांकडे पाहिलं.

ताईंनी अंगठ्यातलं कुसळ काढलं. औषध लावलं. पट्टी बांधली.

पुढच्या मंगळवारी अंगठा वाकला. ठाक ठुक, चाक झालं. खडाम खडाम, गाडी आली. गुळाबरोबर बांगड्या आल्या, फुगे आले, माणसं आली. बाजार गच्च भरला.

काकूंनी ढेप फोडली. पहिला कण?

मुंगीचा!

खोटं वाटलं तर मुंगीला विचारा. पण आत्ता नको. तिच्या तोंडात गूळ आहे.