वाऱ्यात पारा उतरत नाही

एकदा एक शिष्य आश्रमाच्या अंगणात सारख्या येरझाऱ्या घालत होता. डोंगरमाथ्यावरच्या त्या आश्रमात तो हवामानाचे शास्त्र शिकायला आला होता, आणि त्याच सकाळी त्याने आयुष्यातला पहिला सल्ला दिला होता. देताना छाती फुगली होती. आता पाय जागेवर ठरत नव्हते.

झाले होते ते असे. मेंढ्यांचा एक व्यापारी लोकर कातरलेला कळप खिंडीपलीकडच्या बाजाराला नेत होता. अर्धा कळप आदल्या दिवशी सुखरूप पोचला होता. उरलेला हलवण्यापूर्वी त्याने विचारले, "महाराज, आज थंडी कालच्यापेक्षा जास्त आहे का?" शिष्याने भिंतीवरचा तापमापक पाहिला. पारा कालच्याप्रमाणेच आठ अंशांवर होता. "तसूभरही नाही. खुशाल निघा," तो म्हणाला. व्यापारी निघाला आणि काल नसलेला, आज पहाटेच सुटलेला वारा वाढतच गेला. शिष्य घडीघडी पारा पाहून येई. पारा जागचा हलला नव्हता, तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

इतक्यात आचार्य गावातून परतले. हकीकत ऐकताच ते टेकलेही नाहीत. "तापमापक घे आणि चल," एवढेच बोलून ते खिंडीच्या वाटेला लागले.

खिंडीच्या तोंडाशी मेंढ्या एकमेकींना चिकटून थरथरत उभ्या होत्या आणि व्यापारी त्यांना पुढे हाकून घायकुतीला आला होता. एक कोकरू तर बसकण मारून बसले होते. तिघांनी मिळून कळप एका मोठ्या कड्याच्या आडोशाला घातला, आणि व्यापाऱ्याने कोकरू आपल्या घोंगडीत घेतले.

शिष्याने घाईघाईने तापमापक काढला. "आचार्य, पाहा, इथेही आठच आहे. माझे काय चुकले?"

आचार्यांनी शिष्याच्या खांद्यावरची शाल ओढून काढली, त्याचा दंड धरला आणि त्याला आडोशाबाहेर ऐन वाऱ्यात उभे केले. म्हातारपणी यांना हे काय सुचले, असे शिष्याच्या मनात आले. थोड्याच वेळात त्याचे दात वाजू लागले.

"पारा वाच."

"आ... आठ."

त्यांनी त्याला पुन्हा कड्याआड आणले. "आता?"

"आठच," शिष्य म्हणाला. आवाजातली थरथर मात्र ओसरली होती.

शाल परत त्याच्या खांद्यावर घालून आचार्य म्हणाले, "जिवंत देहाभोवती त्याच्याच उबेचे एक पातळ आवरण असते. हवा शांत असली की ते टिकते. वारा ते हिरावून नेतो. देह नवे तयार करतो, वारा तेही नेतो. वारा जितका जोराचा, तितकी ही लूट भराभर होते. आणि हवा जितकी गार, तितकी दर वेळी अधिक ऊब जाते. म्हणून अंगाला थंडी किती बाधेल, हे एकट्या पाऱ्यावरून कळत नाही, वाराही पाहावा लागतो. या मेंढ्यांकडे तर ती ऊब धरून ठेवायला लोकरही उरलेली नाही."

"मग वाऱ्यात पारा का उतरला नाही?"

"तो मुळातच हवेइतका गार. त्याच्याजवळ स्वतःची ऊब नाही, वारा त्याचे काय नेणार? ज्याचे काही जात नाही, त्यालाच तू थंडी किती ते विचारलेस."

शिष्याची मान खाली गेली. आपल्या शब्दावर विसंबून हा माणूस मुकी जनावरे घेऊन इथवर आला, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

व्यापारी कोकराचे पाय चोळत बसला होता. त्याने विचारले, "बाजार आज उठेल, महाराज. थंडी वाढली नसेल तर निघू का?"

शिष्याने पाऱ्याकडे पाहिले नाही. तो वाकला आणि त्याने कोकराच्या पाठीवर हात ठेवला. कातडी अजून गार होती.

"निघू नका," तो म्हणाला. "पारा कालचाच आहे, पण यांना कालच्याहून फार थंडी वाजते आहे. सकाळी मी चुकलो."

दुसऱ्याचे सोसणे मोजायला बसताना आपण स्वतः आडोशाला तर नाही ना, एवढे पाहून घ्यावे.