येसबाची भिंत

येसबा कुंभाराचं घर म्हणजे चार मातीच्या भिंती आणि एक दार. समोर तात्यासाहेब देशमुखांची दुमजली माडी, नक्षीचे खांब, हिरव्या खिडक्या. देशमुखांच्या मुलाला सोयरीक आली. मुलीकडचे घर बघायला यायचे होते, तसं देशमुखांनी येसबाला पंचांपुढे उभं केलं.

"ओसरीवर बसलं की याची भुंडी भिंत डोळ्यांत खुपते. आठ दिवसांत सजवावी, नाहीतर घर मोडून गावाबाहेर जावं."

पंच देशमुखांच्याच पंगतीतले. त्यांनी माना डोलावल्या. येसबाचा सारा जन्म त्या घरात गेलेला, पण हात जोडणं त्याला कधी जमलं नाही.

"तात्यासाहेब, तुमच्या माडीचं तोंड तुम्हाला घरात बसून दिसतं का?"

"कसं दिसेल?"

"मला दिसतं. उठलो की तेच समोर. तुम्ही एवढं नटवलंत, मी फुकट बघतो. माझी भिंत मला दिसत नाही, मी तिच्या आत राहतो. ती बघता तुम्ही. मग ती मी का नटवू? आणि मला उठवलंत, तर माझ्या घरामागचा उकिरडा पाहुण्यांना थेट दिसेल."

सगळ्यात म्हातारा पंच मिशीत हसला. "तात्या, खरं बोलतोय तो. बघणाऱ्यानंच रंगवावी."

दुसऱ्या दिवशी देशमुखांचे गडी चुना आणि गेरू घेऊन आले.

"येसबा, दाराला रंग कुठला देऊ?"

येसबा चाकावरून उठलासुद्धा नाही.

"मला काय विचारता? ते समोर ओसरीवर बसलेत, त्यांना विचारा."