गेरूचा पट्टा

गावच्या बागेतली झाडंच काय, त्यांच्यावरचे पट्टेही बोलायचे, त्या काळची गोष्ट. ठकूबाई माळीण दर दिवाळीला शिरीषाच्या बुंध्याला गेरूचा पट्टा ओढायची. पावसाळ्यात बुंधा वाढायचा आणि पट्ट्याला तडे जायचे.

एका वर्षी पावसाने दडी मारली. पट्टा ऐटीत म्हणाला, "शिरीषदादा, यंदा एकही तडा नाही. कसं धरून ठेवलंय तुम्हाला."

ठकूबाईने पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"झाड वाढलंच नाही," ती पुटपुटली. त्या दिवसापासून ती मुळांशी रोज चार घागरी पाणी ओतू लागली.

एका सकाळी पट्ट्याला आतून ताण जाणवला. एवढा मोठा वृक्ष, कसलाही आवाज न करता, केसभर रुंदावत होता. पट्टा थरारला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "माझी काळजी करू नका. वाढा."